पाणी परत फिरवणारं गाव

घरातला एखादा सुती बनियन किंवा टी-शर्ट हातात घ्या. मानेमागच्या पट्टीवर कंपनीचं नाव असतं, माप असतं, धुण्याच्या सूचना असतात. गावाचं नाव मात्र बहुधा नसतं. तरीही मी पैज लावायला तयार आहे, की तुमच्या कपाटातल्या चार-दोन कपड्यांचा तरी जन्म तमिळनाडूतल्या तिरुप्पूर या शहरात झालेला असणार. होजिअरीच्या, म्हणजे सुयांवर विणलेल्या सुती कापडाच्या धंद्यात हे शहर देशात पहिल्या नंबरावर आहे. इथले कपडे युरोप-अमेरिकेतसुद्धा जातात.

पण आज आपण तिथे कपडे बघायला जाणार नाही. आपण जाणार आहोत पाणी बघायला!

नोय्यलच्या काठी

तिरुप्पूर कोइमतूरच्या पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. शहराच्या मधून नोय्यल नावाची नदी वाहते. ही नदी आपल्या सह्याद्रीचीच लेक. पश्चिम घाटाची रांग दक्षिणेकडे जाते, तिथे कोइमतूरजवळ वेळ्ळियंगिरीचे डोंगर आहेत. तिथे तिचा उगम होतो. मग ती पूर्वेकडे वाहत कोइमतूर आणि तिरुप्पूर ओलांडते आणि शेवटी कावेरीला मिळते. नदी तशी लहान. पावसात भरते, उन्हाळ्यात आटते. तिचं पाणी अडवायला पूर्वीच्या लोकांनी ठिकठिकाणी बंधारे घातले आणि तळी खोदली.

माझ्याबरोबर सातवीतली माझी भाची होती. स्टेशनाबाहेर आलो आणि तिने पहिला प्रश्न टाकला, "मावशी, तिरुप्पूर म्हणजे काय गं?"

या नावाची एक गोष्ट तिथले लोक सांगतात. महाभारतात कौरवांनी गाईंचे कळप पळवले आणि अर्जुनाने ते परत फिरवून आणले, ते याच जागी म्हणे! तमिळमध्ये 'तिरुप्पु' म्हणजे परत फिरवणे. इतिहासात याला पुरावा नाही, पण गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

स्टेशनाजवळच एक स्मारक आहे, तिरुप्पूर कुमरन यांचं. जानेवारी १९३२ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध मोर्चा निघाला होता. पोलिसांच्या लाठ्यांनी कुमरन कोसळले, पण हातातला झेंडा त्यांनी सोडला नाही. 'कोडि कात्त कुमरन', म्हणजे झेंडा राखणारा कुमरन, असं त्यांना तिकडे म्हणतात.

शहरात कुठेही जा, गल्लीगल्लीतून यंत्रांचा आवाज येतो. एका ठिकाणी नुसतं विणकाम, दुसरीकडे शिलाई, तिसरीकडे काजं-बटणं, चौथीकडे इस्त्री आणि घड्या. कापडाचे गठ्ठे रिक्षा-टेम्पोतून या दारातून त्या दारात फिरत असतात. यातला एक मुक्काम म्हणजे रंगाईचा कारखाना. तमिळमध्ये रंगाला 'सायम' म्हणतात आणि रंगाईच्या कारखान्याला 'सायपट्टरै'. आपली गोष्ट इथून सुरू होते.

रंग चढतो कसा?

पूर्वी कापड रंगवायचं तर नीळ, मंजिष्ठ, हळद, पळसाची फुलं अशा वनस्पतींचा आधार होता. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा सुट्टीत घरी प्रयोग करत होता. त्याला डांबरापासून मिळणाऱ्या रसायनातून मलेरियावरचं औषध, क्विनीन, बनवायचं होतं. औषध काही बनलं नाही. भांड्यात उरला काळपट साका. तो स्पिरिटात विरघळवला, तर झकास जांभळा रंग! रेशमाला तो पक्का बसला. कारखान्यात बनवून विकलेला हा पहिला कृत्रिम रंग. त्यानंतर हजारो कृत्रिम रंग निघाले. स्वस्त, झळझळीत आणि न उडणारे.

हा 'न उडणारे' शब्द महत्त्वाचा आहे बरं का. ऊन, घाम, साबण यांनी जो रंग जाऊ नये म्हणून मुद्दाम बनवला, तो नदीत गेल्यावर सहजासहजी कसा जाईल? ज्या गुणासाठी आपण त्याला विकत घेतो, तोच गुण पाण्यात पडल्यावर दुर्गुण ठरतो.

सुती कापडासाठी आज मुख्यतः 'रिॲक्टिव्ह' जातीचे रंग वापरतात. हे रंग सुताच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडतात. पण पाण्यात रंगाचा रेणू आणि सूत दोघांवरही ऋण विद्युतभार असतो. म्हणजे दोघं एकमेकांना ढकलतात! हे भांडण मिटवायला पाण्यात मीठ घालतात. मीठ घातलं की रंग धाग्याकडे सरकतो. मग सोडा घातला की तो पक्का जोडला जातो.

किती मीठ? ऐका. एक लीटर पाण्याला साधारण चाळीस ते ऐंशी ग्रॅम! समुद्राच्या पाण्यात लीटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे रंगाईच्या यंत्रातलं पाणी समुद्रापेक्षाही खारट. आता थोडं गणित करू. एक किलो कापडाला आठ लीटर रंगाचं पाणी धरा आणि लीटरला साठ ग्रॅम मीठ. आठ साठे चारशे ऐंशी. किलोभर कापडामागे जवळजवळ अर्धा किलो मीठ!

त्यातलं कापडाला किती लागतं? काहीच नाही. मीठ फक्त मध्यस्थ. काम झालं की सगळंच्या सगळं पाण्याबरोबर बाहेर. रंगातलाही काही भाग कापडाला न जुळता पाण्यात राहतो. मग कापड पुन्हा पुन्हा धुवायचं, म्हणजे आणखी पाणी. जुन्या पद्धतीत एका किलो कापडामागे शंभर लीटरच्या आसपास पाणी लागे. अशा सातशेहून अधिक रंगशाळा एका लहानशा नदीच्या काठी!

धरण भरलं, पण...

१९८० नंतर तिरुप्पूरची निर्यात झपाट्याने वाढली. हजारो लोकांना काम मिळालं, देशाला परकी चलन मिळालं. आणि नोय्यलला मिळालं रंगीत पाणी. आज लाल, उद्या निळं, परवा काळं.

तिरुप्पूरच्या खाली, चेन्निमलै गावाच्या बाजूला, ओरत्तुपाळयम नावाचं धरण आहे. ते १९९२ च्या सुमारास बांधून झालं. खालच्या शेतकऱ्यांच्या हजारो एकरांना पाणी मिळावं म्हणून ते बांधलेलं. पण वरून नदीतून काय येत होतं? कारखान्यांचं सांडपाणी. धरण भरलं ते त्यानेच. काही वर्षांतच अशी वेळ आली की धरणाचं पाणी सोडा म्हणण्याऐवजी शेतकरी म्हणू लागले, "हे पाणी आमच्या शेतात नको!" धरणाचं पाणी नको म्हणणारा शेतकरी तुम्ही कधी ऐकला होता का?

शेतकऱ्यांचं इतकं नुकसान कशाने झालं? रंगाने? रंग वाईट होताच. रंगीत पाण्यात ऊन आत शिरत नाही, त्यामुळे पाण्यातल्या वनस्पतींची वाढ थांबते. काही रंग तर थेट विषारी. पण पिकं मारली ती मुख्यतः मिठाने.

आई कैरीच्या फोडींना मीठ लावते, तेव्हा काय होतं आठवा. थोड्या वेळात फोडींना पाणी सुटतं. आत पाणी आणि बाहेर खार असला, की पातळ पडद्यातून पाणी खाराच्या बाजूला जातं. जमिनीत मीठ साचलं की मुळांचंही तसंच होतं. आजूबाजूला ओल असूनही मूळ तहानलेलंच राहतं. सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांना 'क्षारपड' जमीन माहीत असेल. तिथे कारणं वेगळी आहेत, पण पिकाचे हाल तेच.

नोय्यलकाठच्या विहिरींचं पाणीही खारट झालं. तिकडे पाण्याला बोलीत 'तण्णी' म्हणतात. गोडं पाणी ते 'नल्ल तण्णी', म्हणजे चांगलं पाणी. खारं ते 'उप्पु तण्णी', मिठाचं पाणी. पूर्वी विहिरीत मिळणारं नल्ल तण्णी लोकांना लांबून आणावं लागलं.

रंग गेला, मीठ राहिलं

तुम्ही म्हणाल, कारखानदारांनी पाणी शुद्ध का नाही केलं? काहींनी केलं होतं की! १९९० नंतर सामायिक शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली. तिथे पाण्यात चुना आणि हिराकस घालत. त्यांच्या गुठळ्या बनतात, रंगाचे रेणू त्यांना चिकटतात आणि सगळं गाळ होऊन तळाशी बसतं. वरचं पाणी बरंचसं निवळ. बघणाऱ्याला वाटे, झालं, पाणी स्वच्छ झालं!

पण मीठ? मीठ पाण्यात पूर्ण विरघळलेलं. ते गुठळीला चिकटत नाही, गाळणीत अडकत नाही, डोळ्यांना दिसतही नाही. रंग काढलेलं ते पाणी नदीत सोडलं, की मीठ पुन्हा शेताकडे.

शेतकरी न्यायालयात गेले. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निकाल दिला, की सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जाता कामा नये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००९ मध्ये तिथेही शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला. तरीही पाणी सुटतच राहिलं, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तिरुप्पूरच्या सगळ्या रंगशाळा बंद करायला सांगितल्या. सातशेहून अधिक कारखाने ठप्प!

"बरं झालं," भाची म्हणाली.

एका अर्थी बरं झालंच. पण रंगाई थांबली की पुढची शिलाई, इस्त्री, बांधणी सगळंच अडतं. हातावर पोट असलेल्या कितीतरी कामगारांचं काम गेलं. बरेच जण आपापल्या गावी परतले. शिवाय दूरच्या गावांत चोरून रंगाई सुरू झाल्याच्या तक्रारी आल्या. म्हणजे एका नदीचं दुखणं दुसऱ्या ओढ्याला! नुसतं कुलूप लावून प्रश्न सुटत नव्हता. शेतकरीही जगला पाहिजे आणि कामगारही. वाट एकच होती. पाणी बाहेर सोडायचंच नाही, ते फिरवून परत कारखान्यात आणायचं. आता आठवा बरं, 'तिरुप्पु' म्हणजे काय?

एका थेंबाचा प्रवास

आम्ही आधी पत्र पाठवून एका सामायिक शुद्धीकरण केंद्रात जायची परवानगी काढली होती. अनेक रंगशाळांचं सांडपाणी नळांनी तिथे येतं. तिथल्या इंजिनिअर काकांनी आम्हाला डोक्याला घालायला पिवळी टोपी दिली आणि पाण्याच्याच वाटेने आम्हाला फिरवलं.

पहिला हौद प्रचंड मोठा. कुणाचं पाणी गरम, कुणाचं लाल, कुणाचं काळं. सगळं इथे एकत्र ढवळतात. सगळे रंग मिसळून झालेला रंग कसा दिसतो माहीत आहे? चित्रकलेच्या तासाला शेवटी ब्रश धुतलेल्या पाण्यासारखा!

दुसऱ्या हौदात राबतात जीवाणू. खालून हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. जीवाणू पाण्यातली रसायनं खातात आणि वाढतात. इथे एक मोठी मेख आहे. कितीतरी कृत्रिम रंग 'ॲझो' जातीचे असतात. त्यांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी पुलासारखी असते. हा पूल तुटला की रंग नाहीसा. पण पुलाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे उरतातच ना! काही ॲझो रंगांचे असे तुकडे कर्करोग घडवणारे असतात. त्यांना रंगच नसतो, म्हणून डोळ्यांना पाणी निर्मळ दिसतं. यामुळेच जर्मनीने १९९४ मध्ये अशा घातक रंगांच्या कपड्यांवर बंदी घातली आणि आपल्या सरकारनेही १९९७ मध्ये अशा अनेक रंगांवर बंदी आणली. बाकीच्या रंगांचे तुकडे खायला भरपूर हवा मिळणारे जीवाणू लागतात, आणि त्यांना त्यासाठी वेळ द्यावा लागतो. रंग तोडून घाईने पुढे जाऊन चालत नाही.

जीवाणूंना न पचलेला उरलासुरला रंग काढायला क्लोरीनची संयुगं, ओझोन वगैरे वापरतात. मग वाळूची गाळणी, त्यानंतर आणखी बारीक छिद्रांची गाळणी. आता पाणी पारदर्शक.

"झालं की!" भाची म्हणाली.

"छे, आत्ता कुठे अवघड काम सुरू होतंय," काका हसले.

कारण आत मीठ तसंच आहे. पुढच्या खोलीत लांबच लांब नळकांडी एकावर एक रचलेली होती. हेच रिव्हर्स ऑस्मॉसिस, म्हणजे आरओ. तुमच्या घरीही कदाचित छोटं यंत्र असेल. कैरीत पाणी आपोआप मिठाकडे गेलं होतं. इथे पंपाचा जबरदस्त दाब देऊन त्याला उलट्या दिशेने ढकलतात. पाणी पडद्यापलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. असं करत शंभर लीटरमधलं पंचाऐंशी-नव्वद लीटर गोडं पाणी परत मिळतं. ते नळाने पुन्हा रंगशाळेत जातं आणि उद्या त्यातच नवं कापड बुडतं.

उरलेल्या दहा-पंधरा लीटरमध्ये सगळं मीठ एकवटलेलं. ते टाकायचं कुठे? नदीत? मुळीच नाही! त्यातलं काही खारं पाणी साफ करून पुन्हा रंगाईलाच वापरतात, कारण रंगाईला मीठ लागतंच. बाकीचं आटवतात. मोठमोठ्या बंद भांड्यांत ते वाफेवर तापवतात. एका भांड्यातून निघालेल्या वाफेने पुढचं भांडं तापतं. आत हवेचा दाब कमी ठेवतात, म्हणून पाणी कमी उष्णतेत उकळतं. शेवटी खाली पडतात पांढरे स्फटिक. काकांनी ते तळहातावर घेऊन दाखवले. अगदी साखरेसारखे चमकत होते!

"मग सगळं संपलं?" भाचीने विचारलं.

"सगळं नाही. ते बघ," काकांनी शेडकडे बोट दाखवलं. तिथे गोण्यांवर गोण्या रचलेल्या. त्यांत होता वाळलेला गाळ. शिवाय काही मीठ असं मिसळलेलं निघतं, की त्याचा पुन्हा उपयोग होत नाही. गाळाचा काही भाग सिमेंटच्या भट्ट्यांत वापरतात, पण बाकीचा नीट सांभाळून ठेवावा लागतो. पावसात वाहून गेला, तर सगळी मेहनत पाण्यात. खरोखरच पाण्यात!

आणि हे सारं फुकट होत नाही. पंपांना वीज लागते, वाफेला इंधन लागतं, महागडे पडदे बदलावे लागतात. रंग काढण्यापेक्षा मीठ काढणं फार खर्चिक. हा खर्च कापडाच्या भावात चढतो. जो कारखाना पाणी तसंच सोडतो, त्याचं कापड स्वस्त पडतं. फरकाचे पैसे कोण भरतं? नदीखालचा शेतकरी, आपल्या विहिरीने आणि पिकाने.

नोय्यल आता पुन्हा पूर्वीसारखी झाली आहे का? नाही. शहराचं सांडपाणी आणि कचरा अजूनही तिच्यात येतो, आणि इतक्या वर्षांत जमिनीत मुरलेलं मीठ एकदम जात नाही. पण एका अख्ख्या शहराने रंगाईचं पाणी परत फिरवून वापरायला सुरुवात केली, ही गोष्ट लहान नाही. मुख्य म्हणजे, ती शेतकऱ्यांनी चिकाटीने भांडून घडवून आणली.

करून पाहा

एका काचेच्या ग्लासात पाणी घ्या. त्यात दोन चमचे मीठ विरघळवा आणि निळ्या शाईचे चार-पाच थेंब टाका. लाकडी कोळशाची बारीक पूड करून, धुऊन, त्यात घाला. चांगलं ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी टीपकागदातून किंवा जाड कापडाच्या घड्यांतून गाळा. रंग बराच फिका झालेला दिसेल. अजून दिसत असेल, तर नव्या पुडीने पुन्हा तसंच करा. कोळशाला असंख्य बारीक छिद्रं असतात, त्यांत रंगाचे रेणू चिकटून बसतात.

आता ते पाणी पसरट ताटलीत ओतून उन्हात ठेवा. पाणी उडून गेल्यावर तळाला काय राहिलं ते बघा. (चव मात्र घेऊ नका. त्यात शाई होती!) आणि वहीत दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. एक, मिठाचं काय झालं? दोन, शाई कोळशात गेली, तर आता तो कोळसा कुठे टाकाल?

आपल्याकडेही इचलकरंजी आणि सोलापूर ही कापडाची मोठी गावं आहेत, तिथेही सूत आणि कापड रंगवतात. शाळेची सहल कधी रंगाईचा कारखाना बघायला गेली, तर शेवटच्या नळातून येणारं निवळ पाणी तुम्हाला नक्की दाखवतील. ते बघा, छान म्हणा आणि मग हात वर करून नम्रपणे विचारा, "काका, रंग गेलेला दिसतोय. पण मीठ कुठे जातं?"